फूटीत सामना जिंकून देणारा आकडा नेमका कोणता?

पॉइंटकुककर

फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, सामना संपला की टीव्हीवर आकड्यांचा तक्ता येतो. डिस्पोजल्स, किक्स, हँडबॉल्स, टॅकल्स, हिटआउट्स, क्लिअरन्सेस, इनसाइड फिफ्टी, क्लँगर्स (ढोबळ चुका). समालोचक त्यातली सोयीची ओळ उचलतात आणि 'सामना इथे फिरला' म्हणून मोकळे होतात. हरलेला संघ बहुतेक ओळींत पुढे निघाला, की मग 'आकडे सगळं सांगत नाहीत'! यातला कुठला आकडा खरंच जिंकण्याशी बांधलेला आहे आणि कुठला नुसता तोंडी लावायला, यावर इथल्या जाणकारांशी वाद घालायचाय.

ज्यांनी हा खेळ बघितलाच नाही त्यांच्यासाठी एका दमात: क्रिकेटच्या मैदानावर अठरा विरुद्ध अठरा, चार क्वार्टर, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, १ गुण. चेंडू लाथेने मारायचा (किक) किंवा मुठीने ठोसायचा (हँडबॉल), फेकायचा नाही. लांबून मारलेला चेंडू हवेत झेलला तर तो मार्क, मग निवांत उभं राहून पुढची किक मारता येते. ऑफसाइड नाही. स्कोअर १२.१८ (९०) असा लिहितात, म्हणजे १२ गोल, १८ बिहाइंड, एकूण ९०.

आता माझं मत. डिस्पोजल्स, म्हणजे किक आणि हँडबॉलची बेरीज, हा सगळ्यात जास्त मिरवला जाणारा आणि सगळ्यात कमी सांगणारा आकडा. २०१८ च्या पहिल्याच फेरीत टॉम मिचेलने कॉलिंगवूडविरुद्ध ५४ डिस्पोजल्सचा विक्रम केला. हॉथॉर्न तो सामना जिंकलं, मिचेलला वर्षअखेर सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडलही मिळालं. पण त्या ५४ पैकी किती चेंडूंनी बचाव फोडला आणि किती नुसते शेजारच्याच्या हातात गेले, हे ५४ हा आकडा सांगत नाही. टॅकल्सचं तर उलटंच आहे. ज्याच्याकडे चेंडू नाही तोच टॅकल करतो, त्यामुळे टॅकल्स वाढले म्हणजे चेंडू समोरच्यांकडे जास्त होता, एवढंच कळतं. रिबाउंड फिफ्टीही तसाच: आपल्या गोलसमोरून चेंडू वारंवार बाहेर काढावा लागतोय, कारण तो वारंवार आत येतोय.

हिटआउट म्हणजे उंच रकमनने उडी मारून चेंडूला लावलेली थाप. फ्रीमँटलचा सँडिलँड्स २११ सेंटिमीटर उंच, थापा मारण्यात त्याचा हात कोण धरणार? पण थापेनंतर चेंडू कोणाच्या हातात पडला, हा खरा प्रश्न. फ्रीमँटलच्या कपाटात अजून एकही प्रीमियरशिप, म्हणजे फायनलचा कप, नाही.

माझी पसंती इनसाइड फिफ्टीमधला फरक आणि त्याहून जास्त 'मार्क्स इनसाइड फिफ्टी'. गोलपासून पन्नास मीटरच्या कमानीत चेंडू नेणं ही अर्धी गोष्ट. तिथे आपल्या माणसाने झेल घेतला, तर त्याला कोणी हात न लावता निशाणा साधता येतो. होऊन जाऊ द्या.

सप्टेंबरवाली

रुमाल टाकून ठेवते. मुलांना झोपवून येते.

जिलाँगची मावशी

इनसाइड फिफ्टीचं नाव माझ्यासमोर काढू नका. २००८ ची ग्रँड फायनल आठवते का कोणाला? आमच्या जिलाँगने अख्ख्या साखळीत एक सामना हरला होता, एक! फायनलमध्ये चेंडू हॉथॉर्नपेक्षा जास्त वेळा आम्ही आत नेला. स्कोअर काय झाला? हॉथॉर्न १८.७ (११५), जिलाँग ११.२३ (८९). चौतीस वेळा खांबांपर्यंत पोचलो आणि पंचवीस वेळा पोचलेल्यांनी कप नेला. तेव्हापासून मी एकच आकडा मानते, नेम. बाकी सगळं थोतांड.

डेटाराव

मावशी, दुखऱ्या जागेवर बोट ठेवतोय, पण तो ३४ चा आकडाच फसवा आहे. त्या तेवीस बिहाइंडपैकी अकरा 'रश्ड' होते. म्हणजे जिलाँगच्या कोणी निशाणा चुकवला नव्हता, हॉथॉर्नच्या बचावपटूंनी दाबाखाली चेंडू स्वतःच आपल्या रेषेपलीकडे ढकलला. एक गुण द्यायचा, सहा वाचवायचे आणि वर किक-इन, म्हणजे चेंडू परत खेळात आणणारी किक, आपल्याला. नियमात बसत होतं तोवर उत्तम सौदा होता. त्याच हंगामात रिचमंडच्या जोएल बोडनने एसेंडनविरुद्ध शेवटच्या क्षणांत असाच वेळ काढला होता. फायनलनंतर मात्र आरडाओरडा झाला आणि २००९ पासून मुद्दाम बिहाइंड दिल्यास फ्री किक असा नियम आला.

ते अकरा वजा करा. जिलाँगकडे उरले ११ गोल आणि १२ बिहाइंड, एकूण तेवीस. हॉथॉर्नचे सगळे मिळून पंचवीस. मग तुमचा संघ 'वरचढ असून नेम चुकल्यामुळे हरला' हे चित्र राहतं का? चेंडू आत जात होता, पण तिथे हॉथॉर्नवाले बसलेले होते. आत नेण्याची संख्या आणि आत गेल्यावर काय हाती लागलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉइंटकुककरांचा 'मार्क्स इनसाइड फिफ्टी' म्हणूनच नुसत्या इनसाइड फिफ्टीपेक्षा सरस.

आता नेमाबद्दल. झालेला सामना समजावून सांगायला नेमासारखा दुसरा आकडा नाही, हे मान्य. २०२३ ची फायनल घ्या. ब्रिस्बेन १३.८ (८६), कॉलिंगवूड १२.१८ (९०). गोल ब्रिस्बेनचे जास्त, कप कॉलिंगवूडचा. २००९ ला तुम्हीच सेंट किल्डाला हरवलंत: १२.८ (८०) विरुद्ध ९.१४ (६८). तेव्हा नेमाचं दान तुमच्या पदरात पडलं होतं, ते सोयीस्करपणे विसरलात. पण पुढचा सामना कोण जिंकेल हे विचारलं की नेम फारसा कामाला येत नाही. या आठवड्यात सगळं आत घालणारा संघ पुढच्या आठवड्यात सरासरीकडे येतो. इनसाइड फिफ्टीचा फरक, कंटेस्टेड पझेशन (झटापटीत मिळवलेला चेंडू), कुठून किती शॉट मिळाले, या गोष्टी आठवड्यागणिक बऱ्याच टिकतात.

म्हणून धाग्याचा प्रश्न मला अपुरा वाटतो. 'जिंकायला महत्त्वाचा' म्हणजे काल का जिंकलो हे सांगणारा, की उद्या जिंकू का हे सांगणारा? इथेच घोडं पेंड खातं. टीव्हीवरचा तक्ता पहिल्याचं उत्तर देतो आणि आपण ते दुसऱ्याचं समजतो.

जिलाँगची मावशी

डेटाराव, २००९ चं विसरले नाही. ते न्यायाने मिळालं होतं.

बे-एरिया बंडू

मी हा खेळ फक्त यूट्यूबवर तुकड्यांत बघितलाय, तेव्हा अडाण्याचा प्रश्न समजा. बेसबॉलमध्ये कसं, प्रत्येक फटका कुठून, किती वेगाने याची नोंद असते. इथे 'हा शॉट किती सोपा होता' हे मोजत नाहीत का? समोरून तीस मीटरवरून मारलेला आणि कोपऱ्यातून मारलेला, तक्त्यात सारखेच?

डेटाराव

मोजतात. अधिकृत नोंदी चॅम्पियन डेटा नावाची कंपनी ठेवते, त्यांचा 'एक्स्पेक्टेड स्कोअर' हाच आहे. अंतर, कोन, उभं राहून मारला की धावता धावता, दाब किती, यावरून सरासरी खेळाडूने तिथून किती गुण काढले असते ते ठरवतात. गोलच्या दोन खांबांत जेमतेम ६.४ मीटरची फट असते, कोपऱ्यातून बघितलं तर तीही डोळ्याला अर्ध्याहून कमी दिसते. तेव्हा तुझी शंका रास्त आहे. मला एकच आकडा निवडायला लावला तर मी एक्स्पेक्टेड स्कोअरमधला फरक निवडेन. फक्त एक लक्षात ठेव, तो निकालाच्या इतका जवळ आहे की 'का' याचं उत्तर त्यात नाही. चांगले शॉट मिळाले म्हणून जिंकलो, ठीक. पण मिळाले कसे?

बाय द वे, चॅम्पियन डेटाच्या संस्थापकांपैकी एक टेड हॉपकिन्स. १९७० च्या फायनलमध्ये कार्लटन मध्यंतराला ४४ गुणांनी मागे होतं. हा गडी राखीव खेळाडू म्हणून उतरला, चार गोल मारले आणि कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. एमसीजीवर १,२१,६९६ लोक होते. पुढे जाऊन याच माणसाने आकड्यांचं दुकान काढलं.

कोचकाका

उशिरा आलो. मेलबर्नच्या वेस्टला बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला मदत करतो, अर्धी पोरं आपलीच, म्हणजे टार्निट-पॉइंट कुकची. 'मिळाले कसे' याचं उत्तर माझ्या पॅडवर आहे.

कागदावर एक लंबगोल काढतो. आपला चेंडू गेला की जिथे गेला तिथे फुली. बास. कोणी किती किक मारल्या, किती टॅकल केले, काही नाही. क्वार्टर संपला की फुल्यांकडे बघायचं. त्या बाउंड्रीला लागून, समोरच्यांच्या अर्ध्यात असतील तर मी पोरांना पाणी पाजतो आणि सोडतो. आपल्या अर्ध्यात, मधल्या पट्ट्यात असतील तर स्कोअर न बघताही सांगतो की आपण मार खातोय.

कारण सोपं आहे. चेंडू आपल्याकडे आला की आपली पोरं पुढे पळतात, पसरतात, ज्याचा त्याचा माणूस मोकळा सोडतात. नेमक्या त्या क्षणी चेंडू हरवला, तर मागे मैदान मोकळं आणि समोरच्याचा माणूस एकटा. कबड्डीत बोनसच्या नादात पाय खोल टाकलेला चढाईवीर कसा सापडतो, तसं. स्टॉपेजवरून, म्हणजे खेळ थांबून पंचाने चेंडू परत खेळात टाकल्यावर, चेंडू मिळाला तर दोन्हीकडचे सगळे आपापल्या जागी असतात, तिथून गोल काढायला घाम गाळावा लागतो.

मोठ्यांच्या लीगमध्येही निम्म्याहून जास्त गुण टर्नओव्हरमधूनच, म्हणजे समोरच्याने गमावलेल्या चेंडूवरूनच, येतात. क्लिअरन्सवर, म्हणजे स्टॉपेजच्या गर्दीतून चेंडू बाहेर काढण्यावर, तासभर चर्चा करणाऱ्यांना रिचमंडकडे बघायला सांगा. २०१७, २०१९, २०२०, तीन कप, आणि क्लिअरन्समध्ये कायम यथातथा. त्यांच्या कोच हार्डविकच्या संघाला स्टॉपेजवर चेंडू गेला तरी फारशी फिकीर नसायची. गेला तर गेला, समोरच्याला घाईत किक मारायला लावा, मागे उभे असलेले झेलतील आणि तिथूनच उलटवतील. २०१७ ला पुढे उंच म्हणावा असा एकटा रीवोल्ट, बाकी सगळे बुटके आणि चपळ. झेल मिळाला नाही तरी चेंडू खाली पाडायचा आणि बाहेर जाऊ द्यायचा नाही. अ‍ॅडलेड ४८ गुणांनी हरलं. १९८० नंतरचा पहिला कप!

निखिल_पर्थ

कोचकाका +१. आणि टर्नओव्हरचं सगळ्यात सुंदर उदाहरण आमच्याकडे आहे, ते सांगितल्याशिवाय धागा पुढे जाणार नाही.

२०१८ ची फायनल, आमचं वेस्ट कोस्ट विरुद्ध कॉलिंगवूड. कॉलिंगवूडने पहिले पाच गोल मारलेले. आम्ही रडतखडत परत आलो, तरी शेवटच्या दोन मिनिटांत कॉलिंगवूड ७४, वेस्ट कोस्ट ७२. चेंडू त्यांच्याकडून आत येतोय. मॅकगव्हर्न मागे झेलतो. तिथून लांब किक, वार्डीचा मार्क. वार्डीची किक, लियम रायन उडी मारून मार्क. रायनची किक कोपऱ्यात, शीडचा मार्क. चार माणसं, चार झेल, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या साखळीत क्लिअरन्स शून्य, हिटआउट शून्य. शीड बाउंड्रीला जवळजवळ चिकटून उभा, भोवती एमसीजी कॉलिंगवूडच्या लोकांनी ओसंडून वाहतंय, आणि त्याने ती फट शोधली. ११.१३ (७९) विरुद्ध ११.८ (७४).

आता तक्त्यात हे कसं दिसतं? मॅकगव्हर्नच्या नावे एक इंटरसेप्ट मार्क, म्हणजे समोरच्याची किक झेललेली. इंटरसेप्टचा रकाना लोक वाचत नाहीत.

सप्टेंबरवाली

आले. निखिल, मी कॉलिंगवूडची. त्या साखळीत रिओलीने मेनार्डला अडवलं होतं, ती फ्री किक आमची होती. बाकी चालू द्या.

निखिल_पर्थ

तक्त्यात फ्री किकचा पण रकाना असतो ताई, त्यात ती नाही. :)

बुलडॉगभक्त

क्लिअरन्सला इतकं हलकं घेऊ नका हो. २०२१ पाहिलं नाहीत का? तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही १९ गुणांनी पुढे होतो. पर्थला फायनल, समोर १९६४ पासून कपाची वाट बघणारा मेलबर्न संघ. आणि मग सेंटर बाउन्स (तेव्हा गोल झाला की पंच मध्यावर चेंडूचा टप्पा मारून खेळ सुरू करायचे), चेंडू मेलबर्नचा, गोल. परत सेंटर बाउन्स, परत गोल. श्वास घ्यायला वेळ दिला नाही. शेवटी १४० विरुद्ध ६६. म्हणजे आम्ही १९ ने पुढे असल्यापासून ९३ गुणांचा फरक पडला! पेट्राकाचे ३९ डिस्पोजल्स होते त्या दिवशी, आणि ते शेजारच्याला दिलेले नव्हते.

कोचकाका म्हणतात स्टॉपेजवर सगळे जागच्या जागी असतात. बरोबर, पण मध्यावरून खेळ सुरू होताना २०१९ पासून ६-६-६ चा नियम आहे. दोन्ही टोकांना सहा-सहाच माणसं, मागे जादाचा बचावपटू नेऊन बसवता येत नाही. त्यामुळे मधून चेंडू सुटला की पुढे एकास एक. बाकीच्या क्लिअरन्सेस आणि सेंटर क्लिअरन्स एका रकान्यात टाकणं म्हणजे आकड्याचा अपमान आहे.

कोचकाका

हे मात्र पटलं. सेंटर क्लिअरन्स वेगळा काढा. आणखी एक, गोल झाला की खेळ परत मधूनच सुरू होतो. म्हणजे सेंटरमध्ये वरचढ असलेला संघ गोल मारून परत चेंडू मिळवतो, टर्नओव्हरवाल्याला ती चैन नाही. म्हणून असे झपाटे येतात. सरासरीत तो सेंटर क्लिअरन्स सपक दिसतो, पण दहा मिनिटांत सामना संपवतो.

डेटाराव

अगदी. आणि नियम बदलले की जुना आकडा नव्याशी ताडून बघता येत नाही, हेही यातून आलंच. २०२० ला कोविडमुळे क्वार्टर वीसऐवजी सोळा मिनिटांचे होते, त्या वर्षीचे एकूण आकडे इतरांशेजारी ठेवून 'खेळ मंदावला' म्हणणारे महाभाग भेटतात. २०२१ ला 'स्टँड' नियम आला, मार्कवर उभ्या माणसाने हलायचं नाही, त्याने किक मारणाऱ्याला जागा मिळाली. म्हणून मी नेहमी त्याच सामन्यातला दोन संघांमधला फरक घेतो. तसं केलं की किक्समधला फरक हँडबॉल्समधल्या फरकापेक्षा विजयाशी कितीतरी घट्ट जोडलेला दिसतो. किकने जमीन जिंकली जाते, हँडबॉल बऱ्याचदा अडचणीतून सुटायला असतो. दोघांची बेरीज करून डिस्पोजल्स बनवले की ही माहितीच पुसून जाते. मात्र आघाडीवर असलेला संघ शेवटच्या क्वार्टरमध्ये मागे इकडून तिकडे किक मारून मार्क घेत वेळ काढतो, तेव्हा किकही फुगतात. जिंकत असल्यामुळे वाढलेला आकडा आणि जिंकवणारा आकडा वेगळा काढायचा तर क्वार्टरनिहाय बघावं लागतं. पूर्ण सामन्याचा तक्ता घेऊन केलेलं कुठलंही गणित मी साशंकतेने वाचतो.

सप्टेंबरवाली ताईंसाठी एक. २०२२ चं कॉलिंगवूड. आदल्या वर्षी सतरावं, त्या वर्षी १६ जिंकले, ६ हरले आणि चौथं. पण पर्सेंटेज, म्हणजे केलेले गुण भागिले खाल्लेले गुण गुणिले शंभर, १०४ च्या आसपास. काठावरचे सामने जिंकत जिंकत वर गेले होते. आकडेवाल्यांनी सांगितलं, हे नशीब आहे, टिकायचं नाही. फायनलआधीची प्रिलिमिनरी फायनल एका गुणाने हरलेही. आणि पुढच्या वर्षी?

सप्टेंबरवाली

पुढच्या वर्षी चार गुणांनी कप. :) नशीब म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. शेवटच्या पाच मिनिटांत कोण कुठे उभं राहायचं, चेंडू कुठे मारून अडकवायचा, याचा सराव आमची टीम करायची. तो कुठल्या रकान्यात येतो?

डेटाराव

कुठल्याच नाही, आणि मी तो नाकारतही नाही. पण २०१० आठवा. कॉलिंगवूड ९.१४ (६८), सेंट किल्डा १०.८ (६८), बरोबरी. शेवटी चेंडू सेंट किल्डाच्या माइल्नसमोर टप्पा खाऊन तिरका वळला आणि बिहाइंड गेला. सरळ उसळला असता तर इतिहास बदलला असता. आठवड्याने तेच दोन संघ परत खेळले, कॉलिंगवूड ५६ गुणांनी जिंकलं. लंबगोल चेंडूचा टप्पा मोजणारा रकानाही अजून निघालेला नाही.

पॉइंटकुककर

मजा आली. डेटारावांनी केलेले प्रश्नाचे दोन तुकडे मला मान्य आहेत. पण मार्क्स इनसाइड फिफ्टी मी सोडत नाही, कारण वर सगळे फिरून तिथेच येताहेत. कोचकाकांची फुली चुकीच्या जागी पडली की समोरच्याला मोकळा झेल मिळतो. सेंटरमधून चेंडू सुटला की एकास एक झेल. शीडचाही मार्कच. २००८ ला जिलाँगला नेमकं तेच मिळालं नाही. टर्नओव्हर आणि सेंटर क्लिअरन्स ही वाट, मार्क हा मुक्काम. वाट बघून पुढचं भाकीत करा, मुक्काम बघून झालेला सामना वाचा.

डेटाराव, हे आकडे घरबसल्या कुठे मिळतात? लेकाला शाळेत डेटाचा प्रोजेक्ट आहे.

डेटाराव

एएफएल टेबल्स आणि फूटीवायर या दोन साइट्स बघ. स्कोअर अगदी पहिल्या हंगामापासून मिळतील, इनसाइड फिफ्टी-क्लिअरन्स वगैरे १९९० च्या दशकाच्या शेवटापासून. लेक 'आर' ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरत असेल तर 'फिट्झरॉय' नावाचं पॅकेज आहे, सगळं एका ओळीत उतरवून देतं. वेगवेगळ्यांची भाकितं शेजारी-शेजारी बघायची तर 'स्क्विगल'. दाबाचे आणि एक्स्पेक्टेड स्कोअरचे बारीक आकडे मात्र चॅम्पियन डेटाच्या तिजोरीत असतात, फुकट मिळतात ते तुकडे. कोचकाकांचा फुल्यांचा नकाशा तर कुठेच नाही.

कोचकाका

तो मिळेल की. पॉइंटकुककर, लेकाला घेऊन रविवारी मैदानावर ये. दोघं लागतील. एकाने फक्त बघायचं आणि ओरडून सांगायचं, दुसऱ्याने मान वर न करता फुली मारायची. बघणाऱ्याने लिहायला घेतलं की पुढचा टर्नओव्हर सुटतो. आणि पेन नको, पेन्सिल आण. पाऊस आहे.